सालसा ऐकला, जलसा वाजला

आमचा बँड चालला जेमतेम तीन वर्षं, पण किस्से म्हणाल तर तीस वर्षं पुरतील! गाणी विसरलो, सूर विसरलो, किस्से मात्र डोक्यातून हलायला तयार नाहीत. नव्वदच्या दशकातलं बहरीन. दिवसा मी ड्राफ्ट्समन, संध्याकाळी कीबोर्डवाला. आमचा म्होरक्या रामिरो, कोलंबियाचा, जहाजदुरुस्तीतला इंजिनियर. त्याच्या गावाकडची लोकगीतं, त्यात माझा कीबोर्ड आणि ड्रम मशीन, आणि त्यावर लोकांनी नाचायचं. गाणार कोण, तर गोव्याची फिलोमिना, पेशानं नर्स. एकूण काय, सगळी भेळच!

*

तालाला माणूस कमी पडत होता. गुदैबियातल्या एका किराणा दुकानाच्या दारावर इंग्रजीत चिठ्ठी लावली, 'सालसा बँडला ड्रमर हवा'. दुसऱ्याच दिवशी फोन.

"भाऊ, ते जलशाचं तुमच्याकडंच का?"

लाइन खराब. मी ओरडलो, "हो हो, सालसा! शुक्रवारी या!"

शुक्रवारी दारात कांबळे. एसी टेक्निशियन, पांढराशुभ्र सदरा, खांद्याला ढोलकी. आत येऊन त्यांनी सगळ्यांवर नजर टाकली आणि विचारलं, "आधी वंदना होईल ना?"

रामिरो खूश! मला म्हणाला, "वंदना? आणखी एक सिंगर?"

*

ती ढोलकी कांबळेंच्या वडिलांची. भीमगीतांच्या जलशात ती गावोगाव वाजलेली. वडील गेल्यावर ती बहरीनला आली आणि सहा वर्षं कपाटावर पडून राहिली. चिठ्ठीतला सालसा त्यांच्यापर्यंत जलसा होऊन पोचला होता; ते कळल्यावर कांबळे ओशाळले आणि निघालेच होते. रामिरो म्हणाला, "आलायस तर वाजव!"

वाजवली. अहो, काय वाजवली! फिलोमिना खुर्चीवरून उठून नाचायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. रामिरो अरबीत 'चला, चला' म्हणून ओरडत होता, "यल्ला! यल्ला!" थांबल्यावर कांबळे घाम पुसत म्हणाले, "आज सहा वर्षांनी हात मोकळा झाला." डोळेही पुसले, ते आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

*

माझ्या ड्रम मशीनशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. मी कौतुकानं सांगितलं, "कांबळे, हे कधी थकत नाही, चुकत नाही, रजा मागत नाही."

"ते खरं हो भाऊ. पण ऐकतं का कुणाचं?"

त्यानंतर मशीनचा आवाज मी निम्मा केला.

*

बहरीनची दमट हवा म्हणजे ढोलकीची वैरीण. चामड्याचं पान सैल पडायचं. एका शुक्रवारी दुपारी कार्यक्रमाआधी कांबळेंनी फिलोमिनाचा हेअर ड्रायर उचलला आणि ढोलकीला लावला. ती ओल्या केसांनी शेजारी उभी!

"कांबळे, माझे केस!"

"थांब गं बाई. बेसूर केस कुणाला ऐकू येत नाहीत!"

बिचारी तशीच गायली. पुढच्या शुक्रवारी नाचायला आलेल्या दोन मॅडम खास केस ओले करून आल्या होत्या. लॅटिन फॅशन!

*

आणि मग ते हॉटेल. सगळ्या सीझनभर दर शुक्रवारी दुपारचा डान्स, एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं. मॅनेजर साहेबांनी आमची कॅसेट ऐकली होती. सही करण्याआधी एकदा समोर ऐकतो म्हणाले. आम्ही स्टेजवर चढलो आणि त्यांची नजर ढोलकीवर गेली.

"नो, नो! लॅटिन बँडमध्ये इंडियन ड्रम? मफी! नाही चालणार! हा नसेल तरच सही."

रामिरो लाल झाला. "मग आम्हीही नाही!" मीही कीबोर्डची वायर काढली. पण कांबळेंनीच माझा हात धरला. "माझ्यापायी तुमचं काम नको जायला. वाजवा तुम्ही." आणि ते शेवटच्या खुर्चीवर जाऊन ढोलकीला खोळ घालायला लागले. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

वाजवलं आम्ही. मेल्यासारखं वाजवलं. अर्ध्या गाण्यातच मॅनेजरांनी हात वर केला.

"स्टॉप! हे लॅटिन वाटतच नाही. कॅसेटमध्ये तो लॅटिन ड्रम होता, ढिंग-ताक, ढिंग-ताक, तो कुठाय?"

मागून कांबळे उठले.

"साब, वो है इधर. थोड़ा शर्मीला है. आप आँख बंद करो, अभी आता है."

काय वाटलं कोण जाणे, मॅनेजरांनी खरंच डोळे मिटले! कांबळेंनी खोळ काढली आणि सुरू केलं. पहिल्याच आवर्तनात साहेबांचा बूट हलायला लागला. दुसऱ्यात खांदे. गाणं संपलं तेव्हा डोळे मिटलेलेच आणि साहेब एकटेच गिरकी घेत होते. डोळे उघडले तर समोर कांबळे, मांडीवर ढोलकी.

साहेब क्षणभर गडबडले. मग टाय सारखा केला, खिशातून पेन काढलं आणि रुबाबात विचारलं, "हा ड्रम कुठला?"

कांबळे ताठ उभे राहिले. "मनमाड, सर!"

"आह, मनमाड!" साहेब सही करता करता म्हणाले, "मला वाटलंच. ब्यूटिफुल बीचेस!"