नागुबाईची केस

नागुबाईचा माझ्यावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची घरकुलं समोरासमोर. इतकी वर्षं तिची ज्वारी माझ्याच गिरणीवर दळली जाते, पण गिरणीचा पट्टा थांबेपर्यंत बाई जागची हलत नाही. आधी कुणाची बाजरी दळली का, विचारते. पीठ बोटांत चोळून बघते. वर कापडी नळी झटकायला लावते. एकदा वैतागून म्हणालो, "मावशी, तुमच्या चिमूटभर पिठावर मी काय बंगला बांधणार हाय का?" तर म्हणाली, "बांधणारे असंच बांधतेत, अमरनाथा."

मी काही एकटा नाही. दूधवाला, सिलिंडरवाला, मत मागायला येणारे, कुणीच सुटत नाही. घरकुलाच्या चाव्या मिळाल्या त्या दिवशी अख्खी गल्ली पेढे वाटत होती आणि ही बाई भिंती ठोकून बघत होती.

तिला दोष देत नाही. तिचं माहेर देवणीकडचं. बापानं गायरानाचा एक तुकडा कसून खाल्ला आणि त्याची केस झाली. म्हातारा भाकरी बांधून तारखेला जायचा आणि पुढची तारीख घेऊन यायचा. तारखा करता करताच तो गेला. पुढच्या तारखेला नागुबाई आईचा हात धरून गेली, तेव्हा कुणा कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "माणूस गेला, केस बंद." जमीन कुणाची ठरली, हे कुणीच सांगितलं नाही. तेव्हापासून 'केस' म्हटलं की या बाईचं तोंड उतरतं.

तिचा नवरा ज्ञानोबा नांदेडात ऑटो चालवायचा, स्टेशन ते गुरुद्वारा. लई बोलका माणूस. त्याला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. राहिला एकच शब्द: "हाव", म्हणजे हो. भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव. कुठला हाव कशाचा, ते फक्त नागुबाईला कळायचं.

त्याची बाज मागच्या खोलीत. आमच्या घरकुलांच्या भिंती पातळ, वर स्लॅब, मागच्या खोलीला छताजवळ वीतभर झरोका, बाकी सगळं बंद. नांदेडचा उन्हाळा त्या खोलीत शिरला की बाहेर निघत नाही. पंखा लावला तर तोच गरम वारा अंगावर येतो. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ज्ञानोबा घामानं निथळत नुसता "हाव, हाव" करत होता. नागुबाईनं लोखंडी पहार उचलली आणि बाजेच्या बाजूला, भिंतीच्या खालच्या अंगाला भोक पाडलं. ना माप, ना कुणाला विचारणं. रागानं पाडलं. मागच्या बोळात कडुलिंबाची सावली होती, म्हणून आत आली ती थंड हवा. ज्ञानोबा त्या दुपारी झोपला. मी भोक बघून म्हणालो, "मावशी, घराची फोडाफोड केली तर घरकुल रद्द होतंय. चावी देताना सांगितलं होतं की." ती म्हणाली, "सांगायला कोण जातंय? तू?"

थंडी सरता सरता लातूरच्या कुठल्या कॉलेजातले मुकुल सर पोरापोरींना घेऊन आमच्या वस्तीत आले. गरिबाला परवडणारं घर थंड कसं राहील, हे ते शिकवतात. ग्रीन बिल्डिंग म्हणतात त्याला. पुस्तकापेक्षा लोक राहतात ती घरं बघून शिकायचं, अशी त्यांची रीत. मागच्या बोळातून जाताना त्यांच्यातल्या बुद्धप्रिया नावाच्या पोरीला ते भोक दिसलं. पोरगी अर्धापूरची, चौकस. नागुबाई तेव्हा ज्ञानोबाला घेऊन दवाखान्यात गेलेली, घराला कुलूप. सरांनी आमच्या गल्लीतल्या शेषेरावचा नंबर घेतला आणि गेले.

शेषेराव एका ऑफिसात शिपाई. सरकारी भाषा आपल्यालाच कळते, असा त्याचा समज. एप्रिलात त्याला सरांचा फोन आला. तो तसाच माझ्या गिरणीवर आला. नागुबाई दळण घेऊन उभीच होती.

"मावशी, तुमच्या घराची केस घेतलीय म्हने. सोमवारी साहेब लोक येऊन राहिलेत. पुरी टीम हाय, मापं घेणार."

"कशाची केस?"

"त्या भोकाची. दुसरी कशाची?"

सर म्हणाले असतील केस स्टडी. शेषेरावनं स्टडी सोडली आणि केस तेवढी आणली. पण खरं सांगतो, मलाही शंका आली नाही. गरिबाच्या घराची केस म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार? त्या दिवशी नागुबाईनं पीठ चोळून बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तिनं मला हाक मारली. विटांचे तुकडे आणि सिमेंट कालवून तिनं भोक बुजवलं होतं. वरून चुना मारला होता. आता त्यापुढं लोखंडी कपाट सरकवायचं होतं. बाजेवरचा ज्ञानोबा टक लावून बघत होता. कपाट जागेवर बसलं तसा तो म्हणाला, "हाव." नागुबाईनं पाठ फिरवली. "घर गेलं तर तुम्हाला कुठं निजवू?" एवढंच बोलली. सोमवारपर्यंत ती ओलं फडकं घेऊन त्याच्यापाशी बसून होती. तरी माणूस सुकत चालला होता.

सोमवारी टीम आली. नागुबाई दारात उभी. "आमच्या घरात काय न्हाई," हे तिचं पहिलं वाक्य. सर हसून म्हणाले, "मावशी, आम्हाला फक्त शिकायचं आहे." ती म्हणाली, "आमच्याच घरावर?" कशीबशी आत येऊ दिली. बुद्धप्रिया बोळातून बघून आली आणि गोंधळली. "सर, इथं झरोका होता. आता नाहीये."

"कधीच नव्हता," नागुबाई म्हणाली. माझ्याकडं तिनं असं बघितलं की मीही मान हलवली.

मागच्या खोलीत उभं राहवत नव्हतं. सर घाम पुसत बाजेपाशी वाकले. "काका, हवा लागते का इथं?"

ज्ञानोबानं डावा हात उचलला. बोटानं कपाट दाखवलं. म्हणाला, "हाव."

हा हाव सगळ्यांना कळला. नागुबाई खाली बसली. "फितूर झाले! घरचाच माणूस फितूर झाला!" आणि रडायलाच लागली. मग सगळं बाहेर आलं. केस, घरकुल, बाप, तारखा. सरांचा चेहरा पडला. ते तिच्यासमोर खाली बसले. "मावशी, केस म्हणजे उदाहरण हो. खालून थंड हवा येते, वरच्या झरोक्यातून गरम जाते, हे पोरांना तुमच्या घरात दाखवायचं होतं. तुमच्यावर कसलीही केस नाही. खुशाल उघडा ते."

नागुबाईनं डोळे पुसले. कोपऱ्यातली छिन्नी-हातोडी आणली आणि सरांपुढं धरली.

"केस न्हाई ना? मग फोडा. तुमच्या हातानं, समद्या पोरांसमोर. उद्या झाली तर जिम्मा दोघांचा."

सर हातोडीकडं बघत राहिले. त्यांचीही नोकरी, त्यांच्यावरही साहेब. सरकारी घराची भिंत कॉलेजच्या मास्तरानं फोडली, असं कुणी लिहून दिलं तर? ते सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि नागुबाई तेच बघत होती, माझ्या गिरणीवर पीठ बघते तसं.

ज्ञानोबानं कोरडे ओठ चाटले. सरांनी बाह्या मागं सारल्या आणि मला म्हणाले, "कपाट धरा."

सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं. तुकडे पडले, धूळ उडाली आणि मागोमाग लिंबाखालची हवा आत आली. ज्ञानोबाचे पांढरे केस कपाळावर हलले. त्यानं डोळे मिटले. पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. नागुबाईनं मात्र ठसे पुसू नयेत म्हणून हातोडी पदरानं धरून सरांच्या हातातून काढून घेतली आणि फळीवर ठेवली. "हिला कुणी हात लावायचा न्हाई. मुद्देमाल हाय." सर हसले. ती हसली नाही.

निघताना सर म्हणाले, दरवर्षी नवा वर्ग घेऊन येईन. ती म्हणाली, "बघू."

ज्ञानोबानं तो उन्हाळा काढला, पावसाळाही काढला. थंडीत झोपेतच गेला. शेषेरावनं सरांना फोनवर कळवलं.

या एप्रिलात सरांचा फोन आला नाही. दुःखाच्या घरी पोरं घेऊन कसं जावं, असं त्यांना वाटलं असणार. नागुबाई एका सकाळी दळणाशिवाय गिरणीवर आली. "लातूरला फोन लाव." मी लावून दिला. सर काही चौकशी करायच्या आधीच ती बोलली.

"सर, तारीख कधी हाय?"

सर ज्ञानोबाबद्दल काहीतरी बोलू लागले. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"माणूस गेला म्हनून केस बंद करून राहिलात काय?"