भपका नेमका कुणाचा

भपका हा शब्द लहानपणी मी कौतुकाचा म्हणूनच ऐकला. विश्रांतवाडीत आमच्याकडे कुणाचं लग्न झालं की बायका म्हणायच्या, "काय भपका होता बाई." म्हणजे मांडवात दिवे भरपूर आणि जेवून सगळे तृप्त. पुढे खराडीच्या ऑफिसात कुणी नवी गाडी घेतली की मागून तोच शब्द यायचा, पण त्यात जळजळ असायची. तिसरा अर्थ कळला तो सदाशिव पेठेत, माझ्या लग्नाच्या बैठकीत.

पप्पा सूट घालून आले होते. ऐन मे महिना, त्यात टाय. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम, चारचौघांत जायचं तर कडक इस्त्रीत. सकाळी मी म्हटलं, "पप्पा, उकडेल." ते म्हणाले, "उकडू दे."

मुलाच्या वडिलांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अहो, एवढं कशाला? काढा तो कोट, मोकळे व्हा. आमच्याकडे भपका कुणालाच आवडत नाही. लग्नही आपण साधंच करू." आणि वर हसले.

बोलताना त्यांच्या कानातली मोत्यांची भिकबाळी हलत होती. भिंतीवर पगडी आणि जरीचं उपरणं घातलेले त्यांचे आजोबा. ती मात्र परंपरा हं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्याशी लग्न करायचं तो खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे निवडत बसला होता. एरवी एवढा बोलका माणूस, आणि आज तोंडात मिठाची गुळणी.

पप्पांचा हात कोटाच्या बटणाकडे गेला. मी मनाशी ठरवून टाकलं, यांनी कोट काढला तर हे लग्न मोडलं. माणूस कितीही आवडत असला तरी मोडलं. वरचं बटण सुटलं.

हात तिथंच थांबला.

"असं करू," पप्पा शांतपणे म्हणाले. "तुम्ही भिकबाळी काढू नका, मी कोट काढत नाही. पोरांचं लग्न होऊन जाऊ दे."

मुलाच्या वडिलांचा हात आपसूक कानाकडे गेला. मग मुलगा पोह्यांची बशी ठेवून उठला, पंखा वाढवला आणि पप्पांच्या शेजारी येऊन बसला. "बाबा, मीही सूटच घालणार आहे," आपल्या वडिलांना म्हणाला. उशीर केलास, पण बोललास, असं माझ्या मनात आलं. त्याची आई तारखा बघायला कॅलेंडर आणायला गेली.

परतताना रिक्षात पाहिलं, तर पप्पांची कॉलर घामानं चिंब झालेली.

"जास्त बोललो का गं?" त्यांनी विचारलं. तिथं अजिबात न हललेला आवाज आता थरथरत होता.

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं.