बाहेरून लावलेली कडी

चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्यावरून चप्पल घासत जाणारी पोरगी मी. भूतबित सब झूट. म्हणून खालचं वाचून हसायचं तर खुशाल हसा, मी पण हसले असते...

आम्ही बदनापूरचे, घर स्टेशनकडच्या गल्लीत. मी चोवीस वर्षांची. लहानपणीच्या एका तापानं माझ्या हृदयाची झडप खराब झालीय — आणि हे आईनं गल्लीलाच काय, सख्ख्या मावशीलाही कळू दिलं नव्हतं. लग्न जमायचं ना!

दर रविवारी दुपारी माझं ऑनलाइन सेशन असतं. माझ्यासारखीच कायमच्या आजाराची तरुण पोरं, ताण कमी करायचे श्वासाचे व्यायाम, बोटाला ऑक्सिमीटर. कुणी आत डोकावू नये म्हणून आई खोलीला बाहेरून कडी लावायची. विचारलंच कुणी तर म्हणायची, अभ्यास करून राह्यली.

त्या रविवारी मला बघायला जालन्याहून पाहुणे यायचे होते. संध्याकाळचं ठरलेलं, पण ते दुपारीच आले. आई पोह्यांच्या गडबडीत, मी आत सेशनला.

सगळ्यांचे माइक बंद. सेशन घेणारी ताई म्हणाली, डोळे मिटा, छातीवर हात ठेवा, जे कुणालाच सांगितलं नाही ते मनातल्या मनात म्हणा. तेवढ्यात माझी धडधड सुरू झाली... थांबेचना. दरदरून घाम, हातपाय गळाले. भिंतीपलीकडं कपबशा वाजत होत्या. दारावर एक थाप मारली असती तर आई धावली असती, पण मंग सगळं उघडं पडलं असतं. तशीच बसून राहिले. आईचा फार राग आला. मनातल्या मनात एकच वाक्य म्हटलं.

आणि कडी निघाली. दारात आई, चेहरा पांढराफटक. मागं मुलाची आई. तिनंच मला धरून त्यांच्या गाडीत घातलं, जालन्याला दवाखान्यात नेलं.

वाचले. स्थळ अर्थातच गेलं. दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, तुला कळलं कसं?

"तूच तर वरडलीस. समद्यांनी ऐकलं. म्हणालीस, 'आई, माझं हृदय आजारी हाय, दार उघड.'"

अहो, माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता! ताईला फोन केला. ती म्हणाली, तुझा चेहरा उतरलेला दिसला म्हणून मी तुझ्याकडंच बघत होते, ओठ हललेच नाहीत.

भास म्हणावा, तर बैठकीतल्या सगळ्यांना एकदम? आणि वाक्य तर अक्षरशः तेच...

आईनं ती कडी उपटूनच टाकली. परवा शेजारच्या काकू आल्या, तर आपणहून म्हणाली, "बसा जरा, तिचं हृदयाचं सेशन चालू हाय." आत बसून ऐकलं आणि रडू आलं.

तो आवाज कुणाचा होता, ते मला आजही माहीत नाही.