काकूचा टॉप स्कोअर

काकू गेली.

टॉप स्कोअर तिचाच आहे.

आज सकाळी पेणला नितीनच्या घरी वारली. नितीन म्हणजे तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. सगळं उरकून आत्ताच रोह्याला घरी आलोय, आणि रडगाणं लिहिणार नाहीये. रडगाणं काकूला खपायचं नाही.

रोह्याला लागून वरशाला काकांचं घर. काका केमिकल कंपनीत, शिफ्ट ड्युटी. काकू झेडपीच्या शाळेत बाई.

नितीनच्या अभ्यासासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला. जाड मॉनिटर, त्यावर काकूने विणलेलं क्रोशाचं कव्हर. कोणीतरी त्यात एक गेम टाकून दिला होता. खाली आपलं एक यान, वरून शत्रूची यानं रांगेने उतरतात, स्पेसबार दाबला की गोळी.

नितीनने अभ्यास किती केला देव जाणे. यानं मात्र काका-काकूंनी पाडली.

काका खेळायला बसले की स्पेसबारवर ठेवलेला अंगठा उचलायचेच नाहीत. धाड धाड धाड.

काकूचं तसं नाही. ती डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसायची आणि वरच्या यानांना वर्गातल्या पोरांसारखी दटावायची. "लायनीत या. ढकलाढकली नाय." ती बिचारी लायनीत यायची, की एकेकाचा निकाल.

शेवटी स्कोअर चांगला झाला की गेम नाव विचारायचा. जागा फक्त तीन अक्षरांची.

तर त्या यादीत जवळजवळ सगळीकडे एकच नाव. AHO.

म्हणजे काका, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही, काकू त्यांना 'अहो' म्हणायची. मधेमधे AGO असायचं, ती काकू. काका तिला 'अगो' अशीच हाक मारायचे. तिचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना आठवायलाही वेळ लागला असता. घरात काकू, शाळेत बाई, नवऱ्याची अगो.

काका गेले, त्यांच्या तेराव्याला मी तो स्क्रीन चालू करून फोटो काढला. फॅमिली ग्रुपवर टाकला, 'आमच्या काकांचे स्कोअर' म्हणून. भराभर हात जोडलेले इमोजी आले. आत्या तर फोटो बघून रडायला लागली.

काकू पंगतीतून उठून माझ्याजवळ आली.

"फोटो चांगला आलाय. पण ते सगळे अहो माझे हायत."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं.

पहिल्यांदा मशीनने नाव विचारलं तेव्हा काका रात्रपाळीला होते. तिने गंमत म्हणून त्यांना हाक मारून ठेवली, AHO. सकाळी काका घरी आले तर ही शाळेत गेलेली. त्यांनी स्क्रीन बघितला. जेवले, खेळायला बसले, तिच्या वरचा स्कोअर केला आणि AGO टाकून झोपून गेले.

तेव्हापासून तेच. शाळा आणि शिफ्टच्या भानगडीत दोघांची गाठ पडायची मारामार. मग ही एक हाक मारणार, ते दुसरी.

आणि आम्ही शहाण्यांनी इतकी वर्षं सगळं उलटं वाचलं!

सगळ्यात वर होतं AGO. म्हणजे काकांचा स्कोअर. तो काकूला कधीच मोडता आला नव्हता, आणि हॉस्पिटलमध्येसुद्धा काका तिला त्यावरून चिडवत होते.

पुढे नितीन तिला पेणला न्यायच्या मागे लागला. एकटी कशी राहणार, डोळ्यांना कमी दिसतंय, हात थरथरतोय. सगळं खरंच होतं. काकूचं एकच. स्कोअर मोडते, मग येते. ते जुनं मशीन टेम्पोत हादरलं की संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी नितीनने टेम्पोच आणला.

कपाट चढलं, पलंग चढला. काकू टेबलासमोर. नितीन वैतागून अंगणात फेऱ्या मारतोय. टेम्पोवाला मॉनिटर उचलायला आत आला तो काकूच्या मागे उभाच राहिला. हातात शेवटचं यान. एक गोळी लागली की खेळ खलास. मी मनात म्हणत होतो, आता फक्त लाइट जाऊ नको दे.

काकू यानांना दटावत होती. हात थरथरत होता. कोपरा काही सोडला नाही.

आणि काकांचा आकडा मागे पडला.

टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या. नितीन धावत आत आला. स्क्रीनवर नावाची जागा लुकलुकत होती आणि काकू नुसती बघत बसली होती.

मी म्हटलं, "काकू, टाक की अहो."

ती म्हणाली, "अहो म्हणायला समोर ओ देणारा लागतो रे. हा माझ्या नावावर टाकते."

एका बोटाने, सावकाश, तीन अक्षरं टाकली.

UMA.

मग पदराने कीबोर्ड पुसला, मॉनिटरवर कव्हर घातलं आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, उचल आता.

मशीन टेम्पोत हादरलं, पण बंद नाही पडलं. पेणला तिच्या पलंगाशेजारीच होतं. आज दुपारी नितीनने चालू केलं. आम्ही दोघं समोर बसलो आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही. माफ कर काकू.

वर UMA. तिला लागून खाली AGO. दोघांच्या मधे कोणाला जागा नाही. मशीन आता माझ्याकडे येणार आहे, आणि त्या यादीला कोणी बोट लावलं तर गाठ माझ्याशी आहे.

वरशाच्या आमच्या उमाकाकूला सगळ्या पुतण्या-भाच्यांचा शेवटचा नमस्कार.

जा काकू. आता म्हण अहो.

समोर ओ देणारा आहे.