मामांनी माझं लॉन पेटवलं

लातुरात घरापुढं बाग करायची म्हणजे माणसाच्या डोक्यावर थोडा परिणाम झालेला असावा लागतो. नळाला पाणी कधी येईल ते सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि माघ सरला की वाळत घातलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो. तरी मला बाग हवी होती, आणि तीही लॉनवाली. भाड्याच्या घरांत इतकी वर्षं कुंड्यांवर भागवलं होतं. आता स्वतःच्या घरापुढं चार खाटा मावतील एवढी माती होती. तिथं हिरवंगार गवत असावं आणि त्यावर खुर्ची टाकून मी चहा प्यावा, एवढीच माझी अपेक्षा. आमचे हे म्हणाले, "गवतात बसून चहा प्यायला गावाकडं बांध काय कमी हायेत?" मी दुर्लक्ष केलं. संसार करायचा तर ते जमावंच लागतं.

त्याच सुमाराला सासऱ्यांना आम्ही औशाजवळच्या गावाहून घरी आणलं होतं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. सासूबाई गेल्यापासून मामा गावात एकटेच राहायचे. थंडीत ते छातीत कळ येऊन शेतात पडले. शेजारच्या रानातल्या माणसानं बघितलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी बजावलं, यांना एकटं ठेवू नका. मामांनी बजावलं, पाडव्यापर्यंत राहतो, पाडव्याला गावाकडं. आता पुन्हा पडले तर कोण बघणार, या काळजीनं आमच्या ह्यांचं जेवण कमी झालं. काळजी मलाही होती. मामा माणूस तऱ्हेवाईक, पण ते घरात होते तर घर भरल्यासारखं वाटायचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, त्यांना तर मुळीच नाही.

लॉन आलं त्या दिवशी हे मामांना तपासणीला घेऊन गेले होते, परतले ते अंधार पडल्यावर. नर्सरीवाल्यानं गवताचे तुकडे सतरंजीसारखे अंथरून दिले. मी त्यावर अनवाणी चालून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून, म्हणजे मी शिकवते त्या शाळेतून, परत आले तर गल्लीच्या तोंडापासून धूर दिसत होता. फाटकापाशी मामा उकिडवे बसलेले. समोर पाचोळा घालून पेटवलेला ढीग धुमसत होता आणि मागं माझी जमीन काळीभोर, उघडी.

"काय करूलालाव मामा?"

"हरळी जाळूलालो," मामा म्हणाले. "पार माजली होती. एक काशी ठेवली न्हाई बघ."

आता हे सांगायला हवं. हरळी म्हणजे आमच्या काळ्या रानाची साडेसाती. तिच्या मुळीचा, म्हणजे काशीचा, एवढासा तुकडा राहिला तरी पुढल्या पावसाळ्यात ती सगळं वावर धरते. माणसं जन्मभर ती खणतात, काशा उन्हात वाळवतात आणि पेटवून देतात. ज्याच्या रानात हरळी, तो आळशी; गावात त्याच्याविषयी यापेक्षा जास्त काही बोलायची गरज नसते. आणि शहरातली माझ्यासारखी शहाणी माणसं तीच हरळी हौसेनं आणून दारात अंथरतात. मामांना वाटलं, पोरगा आणि सून दोघं नोकरीला, दारात हरळी माजली, लोक थुंकतील. त्यांनी घराण्याची अब्रू वाचवली होती.

"मामा, ती मी विकत आणली होती."

"हरळी? इकत?" ते मनापासून हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं गेलं.

मला राग आला की जीभ पुढं पळते आणि डोकं मागून चपला शोधत येतं. लॉनचं तर बोललेच, पण खरी भडकले ते वेगळ्याच गोष्टीवर. छातीचं दुखणं असलेला माणूस दिवसभर उन्हात खुरपं घेऊन बसतो म्हणजे काय? काही झालं असतं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं? यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मामा मात्र खुरपं तिथंच टाकून आत गेले. रात्री जेवताना पोराला म्हणाले, "पाडवा काय लांब न्हाई आता."

माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. पण उकरलेलं रान रिकामं बघणं त्यांच्या जिवावर येत होतं. सकाळी उठून पाहते तर सुतात आखल्यासारख्या ओळी पडलेल्या. मेथी, कोथिंबीर, गवार, चवळी, भिंतीकडेला दोडका. घर होतं की वावर, कळेना. मीही कमी नाही. संध्याकाळी नर्सरीतून मोगरा आणि जास्वंद आणली आणि बरोबर त्यांच्या ओळींच्या मधे लावली. कपडे विसळलेलं पाणी त्यांच्या मेथीला की माझ्या मोगऱ्याला, यावर बादलीची ओढाओढ सुरू झाली, तीही न बोलता.

मग फाल्गुनात ती जागा जागी झाली. आधी मेथी आली, हिरवं पीठ भुरभुरावं तशी. चवळीनं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊनच मान वर काढली. शाळेच्या साडीत मी ते बघत बसले होते, तर पलीकडं मामाही बसलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही दुसरीकडं बघायला लागलो. दोडक्याचा कोंब तार शोधत हवेत चाचपडत होता. गेल्या महिन्यात जिथं राख पडली होती तिथं गवारीला दुसरं पान फुटलं. एवढ्याशा गोष्टीनं मला इतका आनंद का होत होता देव जाणे, पण वर्गात पोरींना गणित शिकवतानाही मला ते पान दिसायचं.

फक्त मोगरा रुसला. पानं गळाली आणि नुसती काडी उरली. मामांनी ह्यांच्यामार्फत निरोप धाडला की तो मेला आहे, उपटावा, तिथं मिरची लावतो. मी उलट निरोप धाडला की त्याला हात लावून बघावंच. आमचे हे बिचारे पोस्टमन झाले होते. आणि एका सकाळी मी कणीक मळत असताना स्वयंपाकघराच्या दाराशी मामा स्वतः आले.

"बाई, तुझा मेलेला उठला बघ."

काडीच्या पेरापेरावर तांबूस कोंब आले होते. मामा चुकले होते आणि त्याचा त्यांना अजिबात राग नव्हता. उलट दिवसभर फाटकावरून जाणाऱ्याला बोलावून तो दाखवत होते.

तरी पाडव्याला गुढी उभी राहिली, जेवणं झाली आणि मामा पिशवी भरून औशाच्या गाडीसाठी निघाले. हे खाली मान घालून उभे. बापाला अडवायची त्यांची ताकद नव्हती.

आमच्याकडं पाडव्याला शेतातलं साल बदलतं. मालक गड्याला पुढल्या वर्षासाठी ठरवतो, दोघांनी कबूल केलं की वर्षभर दोघंही बांधलेले. मामांनी जन्मभर गडी ठरवले, मालक म्हणून. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, बागेला गडी पाहिजे. साल धरता का?"

आमच्या ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मामा पायरीवर बसले.

"गडी सस्त्यात मिळत न्हाई," ते म्हणाले.

"काय पायजे बोला."

"चहा तीन टाइम. हरळी लावायची न्हाई. मिरचीला जागा."

"मोगरा सोडून कुठंबी लावा."

मामांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला. गडी आजारी पडला की मालक त्या दिवसांचे खाडे धरतो आणि ते दिवस पुढं भरून घेतो. आमच्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"आन् गडी आजारी पडला तर?" त्यांनी खाली बघूनच विचारलं. "लई दिवस पडून राहिला तर? खाडे धरशील का?"

"न्हाई धरणार मामा," मी म्हणाले. "एकबी न्हाई."

त्यांनी पिशवी पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, "आत ठेव."