भंवरशेठची पैसा वसूल गाडी

नवापूरच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून भंवरलालशेठचं भांड्यांचं दुकान आहे. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते दिसत नसलं तरी सगळं ऐकू येतं. शेठच्या जिवाला स्वस्थता असली की भांडी गप्प असतात. डोक्यात काही घोळू लागलं की टण्, टण्, टण्. भांडं घेताना टिचकी मारून बघायची आपल्याकडे रीतच आहे, चीर असली तर आवाज फाटका येतो. शेठच्या बोटांत ही रीत इतकी मुरली आहे की ते कलिंगडालाही टिचकी मारतात, दरवाजालाही मारतात. माझं नवं मशीन आलं तेव्हा त्यालाही मारून बघितली आणि मारवाडी असून पक्क्या अहिराणीत म्हणाले, "चांगलं शे."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ही टणटण सकाळी शटर उघडल्यापासून सुरू व्हायची ती थांबायचं नाव नाही. मी तसा तापट माणूस. चार-आठ दिवस सोसलं, मग भिंतीवर थाप मारून ओरडलो, "शेठ, एकदाची फोडी टाका ती भांडी!"

टणटण थांबली आणि शेठच माझ्या दुकानात येऊन बसले. बसले म्हणजे काय, स्टुलावर टेकले, उठले, पंखा बंद केला, परत लावला.

"नवलभाऊ, हायब्रीड गाडी म्हंजे काय ऱ्हास?"

आमचं घराणं लोणखेड्याकडचं, शेतीवाडीचं. हायब्रीड म्हटलं की मला ज्वारीच आठवते, आणि त्या भाकरीला चव असल्याचं आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. मी तसं सांगितलं. एरवी अशा बोलण्यावर शेठ मांडी थोपटून हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत, तेव्हा मी मशीन बंद केलं.

शेठचं घर दुकानाच्या वरच आहे. वर पतासीभाभी असतात. त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्या, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही सुरतेला. मुलगा अभिनंदन सुरतेतच कापडाच्या धंद्यात आहे. आईने आपल्याकडेच येऊन राहावं म्हणून त्याने जंग जंग पछाडलं. पण भाभींचं म्हणणं, आजार सुरतेला घेऊन जाईन आणि जीव नवापुरातच ठेवीन. दोनच फेऱ्या सुरतेच्या, बाकी दिवस आपलं घर, आपल्या शेजारणी, आपली पापडाची पाटी. या हट्टापुढे डॉक्टरही हरले.

शेठची जुनी डिझेल गाडी फेऱ्या करत होती. सोनगडच्या पुढे एका सकाळी ती जी बसली ती उठेचना. दुसरी गाडी मिळेपर्यंत भाभी रस्त्याकडेला उन्हात. दवाखान्यातली पाळी हुकली, संध्याकाळपर्यंत पाय सुजून भोपळे झाले. त्या दिवसापासून नवीन गाडी घ्यायची हे ठरलं, पण कोणती हे ठरेना, आणि तिथून ही टणटण सुरू झाली होती.

अभिनंदनने दोन गाड्या सुचवल्या होत्या. दिसायला दोन्ही सारख्याच. एक साधी पेट्रोलची. दुसरी हायब्रीड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन तर आहेच, शिवाय आत मोटार आणि बॅटरी, चालता चालता आपोआप भरणारी. पेट्रोल पुष्कळ कमी लागतं, पण गाडी तीन लाखांनी महाग.

आता हिशेब म्हणाल तर शेठच्या हातचा मळ. तीन लाख जादा द्यायचे, तर ते वाचलेल्या पेट्रोलातून किती दिवसांत भरून निघतात एवढंच पाहायचं. असले हिशेब शेठ गिऱ्हाइकाला सुट्टे देता देता तोंडी करतात. मग अडलं कुठे?

अडलं एका प्रश्नावर. अभिनंदनने फोनवर विचारलं होतं, "बाबूजी, गाडी महिन्याला किती चालणार? आणि अशी किती वर्षं?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. सुरतेच्या फेऱ्या. दुसऱ्याचं कोण देणार? गाडी फक्त त्या फेऱ्यांसाठीच तर घ्यायची होती. अभिनंदनने हिशेब करून सांगितलं, फेऱ्या अशाच चालू राहिल्या तर सहा वर्षांत पैसे वसूल. शेठ सवयीने बोलून गेले, "अरे पण मी पेट्रोल गुजरातमधून भरतो!"

हे खरं होतं. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, आणि गुजरातेत पेट्रोल स्वस्त. शेठ स्कूटरमध्ये दोन लिटर टाकायचं असलं तरी हद्द ओलांडून जातात. मी चिडवायचो, "जायायेमान कितलं पेट्रोल जळस?" तर त्याचाही हिशेब तयार असायचा.

"मग तर अजून वेळ लागेल," अभिनंदन म्हणाला. "पेट्रोलच स्वस्त, म्हणजे बचतही कमी. साडेसहा वर्षं धरा." मग म्हणाला, "बाबूजी, साधीच घ्या. तीन लाख हाताशी राहिले तर मम्मीच्या औषधाला येतील."

पोरगं वाईट बोललं नव्हतं. पण शेठच्या मनात ते 'साधीच घ्या' रुतून बसलं. माझ्यापुढे ते उभे राहिले, डोळे लाल. "नवलभाऊ, साधी लिसू म्हंजे मी मनमान धरी लिनं ना, का ती सहा वरीस काढाव नही? पोरगानी धरी लिनं. मी बी धरू?"

"मग हायब्रीड ल्या."

"आनि देवले चिडावू? सहा वरीसना सौदा करी उना म्हनीन?"

मला असल्या वेळी राग येतो, कोणाचा ते कळत नाही. मी म्हटलं, "शेठ, गाडी शे ती, कुंडली नही." ते तसेच निघून गेले, आणि जरा वेळाने भिंतीपलीकडे टण्.

त्यानंतर शेठनी गावात कोणाला विचारायचं सोडलं नाही. गॅरेजवाला म्हणाला, हायब्रीडचा खरा फायदा गावात, थांबत-चालत. हायवेला तेवढा नाही. बँकेतला एकजण म्हणाला, बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी असते. हे ऐकून शेठ आधी खूश झाले, मग रात्रीच्या जेवणाला उठेनात. बॅटरीला आठ वर्षं लिहून देतात, माणसाला कोण देतो, म्हणे. सकाळी साधी गाडी नक्की करायचे, दुपारी मोडायचे. दुकानात गिऱ्हाईक पातेलं हातात घेऊन विचारायचं, "शेठ, टिकी ना?" आणि ज्याचं उत्तर उभ्या जन्मात ठरलेलं, "तुन्हा नातू याम्हा दाळ शिजाडी!" तो माणूस आता नुसता त्या पातेल्याकडे बघत राहायचा. दोन गिऱ्हाइकं तर तशीच परत गेली. दिवाळीच्या तोंडावर! म्हणजे बघा.

आणि हे सगळं भाभींपासून लपवून चाललं होतं. निदान शेठची तशी समजूत होती. शेठना ऐकायला कमी येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, आणि त्यांचा फोन अख्ख्या गल्लीला ऐकू जातो हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी अभिनंदननेच सुरतेच्या शोरूममध्ये वेळ ठरवून दिली. डायलिसिस झाल्यावर आईला घेऊनच जा, तिला बसून बघू दे. ऐनवेळी त्याला धंद्यासाठी बाहेरगावी जावं लागलं, आणि शेठनी मला धरलं. मी कुरकुरलो. दुकान बंद ठेवायचं, वर भाड्याच्या गाडीत मागे अवघडून बसायचं. पण गेलो.

डायलिसिस झालं की भाभींच्या अंगात जीव राहत नाही. थंडी वाजते, मळमळतं, बोलायचंही त्राण नसतं. शाल गुंडाळून त्या शोरूममधल्या खुर्चीवर बसल्या. शेठ हायब्रीड गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि मग, मला वाटलंच होतं, बॉनेटला टिचकी मारली. टप्. कान वाकडा करून परत मारली. तिथला पोरगेला सेल्समन घाबरून धावत आला.

चालवून बघायला निघालो. शेठ स्टिअरिंगवर, सेल्समन शेजारी, मागे मी आणि भाभी. शेठनी बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं.

"बंद शे," शेठ मला म्हणाले.

सेल्समन हसून गुजरातीत म्हणाला, काका, आधीच चालू झाली होती, आता तुम्ही बंद केली. शेठ ओशाळले. मग गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. इंजिन नाही, खडखड नाही. भाभींनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. जुन्या गाडीत त्या कधी डोळे मिटू शकत नव्हत्या, पोटात ढवळायचं. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, घ्या शेठ हीच, चुलीत जाऊ द्या हिशेब.

पण शेठचं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त. भाभी हलत नव्हत्या. इतकी शांतता त्यांनाच सोसवत नव्हती. "झोपनी का? बघा ना जराखा," ते मला दोनदा म्हणाले.

एका चौकात सिग्नल लागला आणि गाडी पार गप्प झाली. आतलं सगळं ऐकू येत होतं, शेठचा श्वाससुद्धा. त्या पोराने हीच वेळ साधली. काका, महिन्याचं रनिंग असंच राहणार ना? मग काही काळजी नाही, सहा-साडेसहा वर्षांत जादाचे पैसे वसूल. तोटा कधी, तर त्याच्या आत फेऱ्या थांबल्या तर.

त्या बिचाऱ्याला काय माहीत! तरीही त्याच्या मुस्काटात द्यावीशी मला वाटली. शेठ समोर बघत राहिले. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. शेठना वाटलं गाडी बंद पडली, त्यांनी घाईघाईत बटण दाबलं, आणि चालू असलेली गाडी खरोखरच बंद झाली. हॉर्न वाढले. शेठ पुसट आवाजात सेल्समनला एवढंच म्हणत होते, "साधी दाखव भाई, साधी."

"नवलभाऊ," भाभी बोलल्या. डोळे मिटलेलेच. परक्या माणसासमोर नवऱ्याला काही ठाम सुनावायचं असलं की त्या मला मध्ये घालतात, पहिल्यापासून.

"हां भाभी."

"यास्ले सांगा, मी मारवाडीनी बायको शे. गाडीना पैसा पुरा वसूल व्हत नहीत, तवलग मी कोठेच जात नही."

मागचे हॉर्न थांबत नव्हते. मग त्याच म्हणाल्या, "आनि गाडी चालू करा म्हना. मांगला लोक शिव्या दी ऱ्हायनात."

शेठनी गाडी चालू केली. चौक ओलांडून कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. सेल्समन गांगरून पाण्याची बाटली पुढे करत होता आणि भाभी मागे खरंच झोपी गेल्या होत्या.

हायब्रीडच घेतली. पांढरी. कुंकवाचा साथिया, आपलं स्वस्तिक, काढला, लिंबू बांधलं. गिऱ्हाइकाच्या भांड्यावर नाव टाकायचं मशीन घेऊन शेठ गाडीवर भाभींचं नाव टाकायला निघाले होते, अभिनंदनने वेळेवर हात धरला. मग त्यांनी पाण्याच्या एका स्टीलच्या पेल्यावर 'पतासीबाई' टाकलं आणि तो गाडीत ठेवला.

फेऱ्या चालू आहेत. भाभींचं कधी बरं असतं, कधी नसतं. नसतं त्या दिवशी मला भिंतीतून कळतं. ती टणटण कायमची गेली असं मी म्हणणार नाही. पण आता मी थाप मारत नाही.

परवा शेठ हद्दीपलीकडून टाकी भरून आले आणि गाडी दोन्ही दुकानांसमोर लावली. मला चिडवायची हुक्की आली. म्हटलं, "शेठ, इतला हुशार मानूस तुम्ही, आनि इतलं समजत नही? तठलं पेट्रोल स्वस्त, म्हंजे बचत कमी. अठलं, नवापूरनं महाग पेट्रोल भरा, पैसा लवकर वसूल व्हतीन."

शेठनी माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्या अडाणी पोराकडे बघावं. मग वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे भाभी दोरीवर पापडाचं फडकं वाळत घालत होत्या.

"म्हनूनच त तठे भरस, भाऊ," शेठ हळूच म्हणाले.