वरची पायरी आणि दुपारची एसटी

मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. वर ठळक अक्षरात मागणी, मध्ये कारणं, खाली 'आपले नम्र', आणि नम्र आमच्यात कुणीच नाही. भोरच्या बाजारात भाजीच्या पाट्यांमधून वाट काढत मी ती वाटते. लोक घेतात, अर्धे वाचतात, उरलेले त्यात मिरच्या बांधतात. त्याचं मला काही वाटत नाही. मिरच्या सोडताना तरी मागणी वाचतील.

पुण्याच्या एका संस्थेला वेल्ह्याच्या गावांमध्ये अभ्यास करायचा होता. विषय होता माणसाचं सुख कशावर अवलंबून असतं. त्यांना वाटा माहीत असलेली, स्कूटी चालवणारी, बायकांच्या ओट्यावर बसू शकणारी मुलगी हवी होती. मी हो म्हटलं ते कुतूहलानं नव्हे, रागानं. इथं आजाऱ्याला न्यायला गाडी मिळत नाही आणि हे सुख मोजायला निघालेत, म्हटलं बघू तरी कसं मोजतात.

मोजायचं साधन म्हणजे एक शिडी. खरी नव्हे, कागदावर काढलेली, दहा पायऱ्यांची. सगळ्यात वरच्या पायरीवर तुम्हाला जगता येईल असं सगळ्यात चांगलं आयुष्य आणि सगळ्यात खाली सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? एवढाच प्रश्न. त्याच्यामागून झोप, शेजारी, एकटेपणा वगैरे बारीकसारीक यायचं, पण मान शिडीला.

गावात जायच्या आधी मी तो शिडीचा प्रश्न घरी विचारून पाहिला. अब्बांचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान आहे. उकिडवं बसून बसून गुडघे गेलेत.

"वरची," अब्बा म्हणाले.

"अब्बा, रात्रभर कण्हत असता तुम्ही."

"गुडघा वेगळा, मी वेगळा. वरची लिही. देणाऱ्याची नाशुक्री करू नये."

आतून अम्मी ओरडली, "मला विचार! मी सांगते ह्यांची पायरी!"

मी हसले आणि लिहिलं नाही. पण तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की या प्रश्नाचं उत्तर माणूस मला देत नाही, वर कुणालातरी देतो.

संस्थेकडून आलेल्या ताई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मानसशास्त्र शिकलेल्या, पायात बूट, पाठीवर सॅक, आणि चालायला अजिबात कंटाळा नाही. मला त्यांचा राग करायचा होता आणि त्या करू देत नव्हत्या. विंझरच्या पुढे टपरीवर थांबलो की समजावून सांगायच्या. माणूस चांगल्याची सवय करून घेतो तशी वाईटाचीही घेतो. आपलं बरं की वाईट हे तो शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. नाती घट्ट असतील तर बऱ्याच गोष्टी सोसतो. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि म्हणूनच मला चीड यायची.

"सवय झाली म्हणजे बरं झालं का?" मी म्हणायचे. "दाव्याची सवय बैलालाही होते."

"मी बरं झालं म्हटलंच नाही," त्या शांतपणे म्हणायच्या. असल्या शांत माणसाशी भांडायला फार ताकद लागते.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. ज्या घरी प्रश्न विचारायचे तिथलं काही घ्यायचं नाही. चहा नाही, ताक नाही, पाणीसुद्धा नाही. पाहुणचार घेतला की समोरचा आपल्याला खूश करायला बघतो आणि उत्तरं बिघडतात, असं त्यांच्या शास्त्रात आहे. पाण्याची बाटली सॅकला लटकलेली असायची. आम्ही ओट्यावर टेकायचो, प्रश्न विचारायचो, उठायचो.

डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात एक घर होतं. नाव नको, त्यांना आवडणार नाही. घरातली कारभारीण मी जिला काकी म्हणते ती, तिची सासू, नवरा, आणि वेल्ह्याला अकरावीला जाणारी थोरली मुलगी. काकीनं तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं. ताईंनी हात जोडले, "नको, आमच्याकडे आहे." काकीनं भांडं तसंच मागं सरकवलं आणि पदर नीट केला. बस, एवढंच झालं.

"कुठल्या पायरीवर, काकी?"

"वरच्याच की. समदं ब्येस हाय. पोरं हायती, रान हाय, द्येवानं काय कमी न्हाई केलं."

झोप? ब्येस. शेजारी? ब्येस. काळजी? "कशाची काळजी? बायामानसाला काय काळजी असती?" आणि हसली. आम्ही अंगण उतरत होतो तेव्हा मागून सासूबाई, म्हणजे आजी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा थाटात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "जप्तीला आल्याला कारकून बी आमच्यात पानी पिऊन जायाचा. ह्या कोन म्हनायच्या?"

गावोगाव तेच. वरची, वरची, फार तर त्याच्या खालची. ताईंच्या चेहऱ्यावर अभ्यासकाचा आनंद दिसायला लागला. मला मात्र रात्री पत्रक लिहायला बसलं की शब्द सुचेनात. एवढी सुखी माणसं असतील तर मी कुणासाठी बोंबलते?

म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटीच त्या घरी गेले. कागद नाही, शिडी नाही. ओट्यावर बसले आणि काकीनं विचारायच्या आत म्हटलं, "काकी, पाणी द्या. आणि चहा पण ठेवा, गुळाचा."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता तहान लागली व्हय गं तुला?"

"तेव्हापण लागली होती, आजी. नोकरी होती."

"नोकरी करावी, पन पानी प्यावं," आजी म्हणाल्या आणि बाजूला सरकून जागा दिली.

चहा पिऊन झाल्यावर काकी बोलायला लागली, आणि मग थांबेच ना. दुपारची एसटी बंद झाली होती. पोरगी सकाळच्या गाडीनं वेल्ह्याला जाते. कॉलेज दुपारी सुटतं, आणि परतीची गाडी एकदम दिवेलागणीला, तीसुद्धा फाट्यापर्यंत. फाट्यापासून गावाची वाट झाडीतून. कधी टेम्पो मिळतो, टेम्पोत कोण असेल ते नशीब. मधल्या वेळात पोरगी स्टँडवर बसून राहते आणि स्टँडवर बसलेल्या पोरीबद्दल लोक बोलतात. बोलणं बापाच्या कानावर गेलं. बाप म्हणाला, दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद, स्थळ बघू.

"वाईट न्हाई गं त्यो," काकी म्हणाली. "भितो. भ्यालेला मानूस चिडतो. आनि ही पोरगी घरात बसली तर मी बी तिच्यासंगं बसलेच समज. म्या सातवीत बसले व्हते. तवा बी असंच, वाट लांब."

पोरगी आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबायचा, मग जोरात सुरू व्हायचा.

मी विचारलं, "काकी, मग त्या दिवशी वरची पायरी कशी हो?"

काकीला माझी कीव आली. "अगं, दारात आलेल्या परक्या मानसाला रडगानं सांगायचं व्हय? जी आपल्या घरचं घोटभर पानी घेत न्हाई, तिला घरचं काय सांगायचं? तिला आपलं 'ब्येस हाय' म्हनायचं आनि वाटंला लावायचं."

म्हणजे आम्ही गावोगाव फिरून जे गोळा केलं ते सुख नव्हतं, ते होतं पाहुण्याला वाटेला लावायचं 'बरं, या आता'.

ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाटलीचं झाकण उघडून परत लावलं. "चहा घेऊन विचारलं असतं तर उत्तरं बदलली असती," त्या म्हणाल्या. "मग ती तरी खरी कशावरून?"

"बदलू देत की! माणूस बोलतोय तर बोलू देत!"

"अर्धी गावं झाली आहेत. मध्येच पद्धत बदलता येत नाही. अहवालात लिहीन."

आणि त्यांनी लिहिलं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, एक ओळ. मी पत्रकवाली आहे, मला माहीत आहे शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षराचं काय होतं.

तालुक्याला सभागृहात अहवाल मांडायचा कार्यक्रम ठेवला. पडद्यावर रंगीत खांब, सगळे उंच उंच. त्याच बैठकीत गावच्या बायका दुपारच्या गाडीचा अर्ज घेऊन टेम्पोनं आल्या होत्या, काकी पुढे. समोर एक साहेब होते. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही, सगळ्या खात्यांत असे असतात. त्यांनी अर्ज उलटा ठेवला आणि पडद्याकडे बोट केलं.

"बघा, तुम्हीच सांगितलंय. आमच्या शहरातल्या माणसांना झोप लागत नाही आणि तुम्ही एवढ्याशा गोष्टीत समाधानी. उगाच कुणाच्या सांगण्यावरून तक्रारी करून ते घालवू नका." 'कुणाच्या' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. माझं तोंड सुटलं की मलाही आवरत नाही. म्हटलं, "साहेब, हे सुख नाही, ही रीत आहे. या बायका दुःखी आहेत, नाडलेल्या आहेत, त्यांनी फक्त तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या खांबांना..."

"ए पोरी, खाली बस," मागून काकी म्हणाली.

मला वाटलं, घाबरली. पण ती उभी राहिली होती आणि माझ्यावरही चिडलेली होती.

"दुःखी कोन म्हनलं तुला? मला इचारलंस का? सायेब, आमी सुखी हाय, खोटं न्हाई ते. जावा-जावांचं पटतंय, रान पिकतंय, सासू शिव्या देती पन जीव लावती." आजी पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होत्या. "सुखी हाय म्हनूनच तर हितवर आलो मागायला. रडत पडलो असतो तर टेम्पोत चढायची ताकद कुटनं आली असती? आनि सुखी मानसाची पोरगी शिकू नये असं कुटं लिवलंय? दाखवा."

सभागृहात हशा पिकला, मग टाळ्या. तेवढ्यात ताई उठल्या. त्यांना उठायची काही गरज नव्हती. "आम्ही गाडीबद्दल काही विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यामुळे गाडी नको, असा अर्थ या आकड्यांतून काढता येणार नाही. काढला तर मी लेखी हरकत घेईन."

साहेबांनी अर्ज सुलटा केला.

मी मात्र घरी येईपर्यंत धुमसत होते, आणि निम्मा राग स्वतःवर होता. मला त्या बायका दुःखी हव्या होत्या. पत्रकात तसं लिहायला सोपं जातं. साहेबांना त्या सुखी हव्या होत्या, फाईल मिटायला सोपं जातं. दोघांनाही त्यांना एकाच खणात कोंबायचं होतं. माणूस मजेत असतो आणि त्याच्यावर अन्यायही होत असतो, एकाच दिवशी, एकाच ओट्यावर. आता मी पत्रकात 'पीडित' शब्द लिहीत नाही. मागणी लिहिते.

आगारातून निरोप आला की महिनाभर दुपारची गाडी सोडून बघतो, पण गाडीत माणसं दिसली पाहिजेत. रिकामी फिरली तर बंद. मी म्हटलं, झालं, हे बंद करायचंच निमित्त. दुपारी भर कामाच्या वेळेला कोण बसणार गाडीत? बायका रानात, गडी कंपनीत.

"आमी हाय की," आजी म्हणाल्या.

पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटीला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. आजींनी गावातल्या आपल्या वयाच्या सगळ्या गोळा केल्या. कुणाचा गुडघा, कुणाचा मोतीबिंदू, एक तर आपल्याच सुनेशी भांडून आलेली. दुपारची गाडी गावात आली की सगळ्या चढायच्या, वेल्ह्याला जायच्या, स्टँडवर तोंडात मिसरी धरून बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायच्या आणि त्याच गाडीनं कॉलेजच्या पोरींबरोबर परत.

परवा मी मुद्दाम त्या गाडीत बसले. कंडक्टर मेटाकुटीला आला होता.

"आजी, आज काय काम काढलं वेल्ह्यात?"

"तुला काय करायचंय? तिकीट फाड."

"काल बी आलता, परवा बी."

"उद्या बी येनार. तुझ्या सायबाला सांग, लई गर्दी असती, मोठी गाडी सोड."

महिना अजून व्हायचाय. दिवाळीही यायचीय. बाप रोज संध्याकाळी विचारतो, गाडी आली होती का, आणि काकी म्हणते, भरून आली होती. ते खोटं नाही. परतीलाही खिडकीच्या सगळ्या जागा म्हाताऱ्यांनी धरलेल्या असतात, एकीनं शेजारी पिशवी ठेवून मैत्रिणीसाठी जागा राखलेली असते, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती अकरावीची पोरगी मागच्या दाराशी दांडा धरून उभी, वळणावळणाला हेलकावे खात, एका हातानं पुस्तक उघडं धरून.

"बस की गं माज्या मांडीवर," आजी ओरडल्या.

"आजी, गप बसा, परीक्षा हाय," पोरगी म्हणाली, आणि पान उलटलं.